चौकटीतील जागा

पिढ्यान्‌पिढ्या महाराष्ट्राबाहेर नांदलेल्या आपल्यासारख्या घराण्यांजवळ मूळ गावची म्हणून फारशी चीजवस्तू उरलेली नसते. गाव आडनावापुरते राहिलेले असते, कुलदैवताला पाच-सात वर्षांतून एकदा जाणे घडते आणि वंशावळीचा कागद कोणा चुलत घराण्यात जपून ठेवलेला आहे, असे नुसते ऐकून माहीत असते. घरात प्रत्यक्ष उरतात त्या भिंतीवरच्या चौकटी. इंदुरातील रामबाग असो, ग्वाल्हेरचे लष्कर असो की बडोद्याचा दांडिया बाजार, जुन्या मराठी घराच्या बैठकीत गेले की एखादे तरी मोठे समूहचित्र दृष्टीस पडतेच. मधल्या रांगेत खुर्च्यांवर वडीलधारे पुरुष, त्यांच्या शेजारी किंवा मागे डोक्यावरून पदर घेतलेल्या स्त्रिया, मागच्या ओळीत तरुण मंडळी आणि पुढे सतरंजीवर मांडी घालून बसविलेली मुले. पाहुणा आला की घरातील कोणीतरी काचेवर बोट ठेवून सांगू लागते, "हे पणजोबा, होळकर दरबारात कारकून होते, ही त्यांची धाकटी बहीण, देवासला दिलेली."

आपल्या पुढच्या पिढीला पूर्वजांची ओळख होते ती पुष्कळदा एवढ्याच आधारावर. मराठी वाचणे मागे पडले तरी चेहरे वाचता येतात. म्हणून या चित्रांत कोण आहे याच्याइतकेच कोण नाही, हेही पाहिले पाहिजे, असे मला अलीकडे वाटू लागले आहे. जे माणूस चित्रात नाही, ते दोन पिढ्यांनंतर घराण्याच्या आठवणीतही राहत नाही. जरा बारकाईने चौकशी केली तर असे ध्यानात येते की, चित्रात नसलेल्यांपैकी काही जण त्या दिवशी घरातच होते. त्यांना चालता येत नव्हते, उभे राहता येत नव्हते किंवा अंथरुणावरून उठता येत नव्हते, एवढेच.

छायाचित्रणाचा इतिहास पाहिला तर ही गोष्ट मोठी चमत्कारिक वाटते. १८३९ साली फ्रान्समध्ये दागेर यांची पद्धती जाहीर झाली, तेव्हा एका चित्रासाठी माणसाला कित्येक मिनिटे निश्चल राहावे लागे. पुढे रसायने सुधारली, भिंगे सुधारली; तरीही काही सेकंद तरी हालचाल चालत नसे. धडधाकट माणसालाही इतका वेळ मान न हलवता राहणे अवघड. त्यामुळे त्या काळच्या चित्रशाळांत लोखंडी टेकू ठेवलेले असत. माणसाच्या पाठीमागे हा खांब उभा करीत आणि त्याच्या दुबेळक्यात डोके अडकवीत. कमरेसाठीही तसाच आधार असे. जुन्या पाश्चात्त्य चित्रांत रुबाबात उभ्या असलेल्या गृहस्थाच्या बुटांमागे या टेकूची बैठक कधी कधी डोकावते. तान्ह्या मुलाचे चित्र काढायचे तर त्याला धरून बसलेल्या आईच्याच अंगावर कापड टाकून तिला झाकून टाकीत. म्हणजे छायाचित्राच्या बाल्यावस्थेत आधारावाचून फार थोड्यांचे चित्र निघत होते. आधार घेणे हा नियम होता आणि तो दिसू न देणे हे कारागिराचे कौशल्य.

आपल्या इंदूरशी जवळचे नाते असलेले एक उदाहरण येथे आठवते. १८४४ साली सरधना येथे जन्मलेले आणि रुडकीच्या थॉमसन महाविद्यालयात शिकलेले लाला दीनदयाळ हे इंदुरास सार्वजनिक बांधकाम खात्यात नोकरीस होते. १८७० नंतरच्या दशकात येथेच त्यांनी छायाचित्रणास आरंभ केला आणि तुकोजीराव होळकर दुसरे यांचे प्रोत्साहन त्यांना लाभले. पुढे हैदराबादच्या सहाव्या निजामांचे ते दरबारी छायाचित्रकार झाले. तेथे त्यांच्यापुढे एक प्रश्न उभा राहिला. पडदानशीन स्त्रिया परपुरुषासमोर येऊ शकत नव्हत्या. मग त्यांची चित्रे काढावयाची कशी? दीनदयाळांनी १८९२ साली हैदराबादेत केवळ स्त्रियांसाठी वेगळी चित्रशाळा उघडली आणि तिची व्यवस्था एका इंग्रज बाईंकडे सोपविली. पडद्याची चाल चांगली की वाईट, हा प्रश्न वेगळा. ज्या व्यक्तीला चित्रशाळेत येण्यास अडचण आहे तिच्या अडचणीभोवती चित्रशाळाच नव्याने मांडायची, ही त्यांची दृष्टी मला महत्त्वाची वाटते. एकशे तीस वर्षांहून अधिक काळापूर्वी एका व्यावसायिकाला हे सुचले आणि परवडलेही.

मग पुढे बिघडले कोठे? माझ्या मते एक कारण अगदी साधे, जिन्याचे आहे. विजेचे दिवे येण्यापूर्वी चित्रशाळांना आकाशाचा उजेड लागत असे, म्हणून त्या माडीवर, काचेच्या छपराखाली थाटीत. पुढे विजेचा उजेड आला, तरी बाजारातील पुष्कळसे फोटो स्टुडिओ माडीवरच राहिले. खालची जागा कापडवाल्याची आणि सोनाराची. दुसरे कारण असे की कॅमेरा वेगवान झाला, सेकंदाच्या शंभराव्या भागात चित्र निघू लागले आणि लोखंडी टेकू अडगळीत गेला. आता ज्याला आधार लागतो तो वेगळा ठरू लागला. 'सगळे उभे राहा' हे तीन शब्द समूहचित्राचा मंत्र होऊन बसले.

माझ्या मोठ्या आत्याला तिसऱ्या वर्षी पोलिओ झाला. १९३७ सालची ही गोष्ट. घरात पोलिओ हा शब्द पुष्कळ नंतर आला. तोवर 'पायांवरून वारे गेले' असेच म्हणत. सुताराकडून आजोबांनी तिला लहान चाके लावलेला एक चौरंग करवून दिला होता. त्यावर बसून, हातांनी जमीन मागे लोटीत ती सगळ्या घरभर हिंडे. वाणसामानाचा हिशेब तिच्याकडे, मुलांचे पाढे आणि स्तोत्रे तिच्याकडे, टपालाने येणारे पुण्याचे वर्तमानपत्र दुपारी मोठ्याने वाचून दाखविणेही तिच्याचकडे. आमच्या घरात ज्या कोणाला धड मराठी लिहिता येते, ते तिने पाटीवर गिरवून घेतल्यामुळे येते.

१९६१ साली धाकट्या काकांचे लग्न झाले. त्या वेळचे मोठे समूहचित्र आजही आमच्या बैठकीत आहे. छायाचित्रकार घरीच आला होता. चौकाच्या पायऱ्यांवर तीन ओळी केल्या होत्या. एकूण एकतीस माणसे आहेत. शेजारचे वकीलसाहेबदेखील आहेत. आत्या नाही. ती त्या वेळी दहा पावलांवर, ओसरीवर, विड्यांची पाने पुसत बसली होती. थोरल्या काकूंनी हे मला स्वतः सांगितले. मी विचारले, "मग तिला का घेतलं नाही?" काकू सहज म्हणाल्या, "अरे, उचलून आणायचं, पायरीवर बसवायचं. तिला उगाच त्रास कशाला?"

'उगाच त्रास कशाला' हे वाक्य मी पुढे कितीतरी घरांत ऐकले. ते बोलणारी माणसे निर्दय नसतात. आमच्या घरी पहिले ताट आत्याचे वाढले जाई, तिचे अंथरूण हिवाळ्यात आधी उन्हात पडे. परंतु त्रास तिला होणार की नाही, हे तिला विचारण्याची रीत नव्हती. मुंजीत तसेच झाले, डोहाळजेवणात तसेच झाले, आजोबांच्या षष्ट्यब्दीत तसेच झाले. प्रत्येक वेळी ती दहा पावलांवर होती.

१९९३ साली निवडणूक आयोगाने मतदारांना छायाचित्र असलेली ओळखपत्रे देण्याचे ठरविले. दोनएक वर्षांनी आमच्या भागातील शाळेत त्यासाठी फोटो काढू लागले, तेव्हा आत्याने हट्ट धरला. मतदान ती कधी चुकवीत नसे. चुलतभावाने तिला रिक्षातून नेले, शाळेच्या बाकावर बसविले आणि टपालाच्या तिकिटाएवढे ते चित्र निघाले. २००९ साली ती गेली. दहाव्या दिवशी भिंतीवर लावण्यासाठी चित्र हवे म्हणून घर धुंडाळले. दोन ट्रंका आणि पाच अल्बम पाहिले. अखेर त्या ओळखपत्रावरून चित्र मोठे करून घ्यावे लागले. ते इतके फुटले आहे की डोळे तेवढे ओळखू येतात. पंचाहत्तर वर्षे ज्या घरात ती राहिली त्या घराजवळ तिचा दुसरा चेहरा नाही. जो आहे तो सरकारला हवा होता म्हणून आहे.

भारतात पोलिओचा शेवटचा रुग्ण जानेवारी २०११ मध्ये आढळला आणि २०१४ च्या मार्च महिन्यात देश पोलिओमुक्त म्हणून प्रमाणित झाला. तो आजार गेला, हे आपले मोठे भाग्य. परंतु त्या आजाराने अधू झालेल्या पिढ्यांतील पुष्कळ माणसे आज साठी-सत्तरीत आहेत, आणि १९५० ते १९८० या काळातील आपल्या अल्बमांत ती शोधू लागले तर थोडीच सापडतील. त्यांच्या जोडीला आता दुसरी मंडळी येत आहेत. आयुर्मान वाढले, तसे अर्धांगवायू, कंपवात, गुडघे आणि मांडीचे हाड मोडणे हेही घरोघरी आले. २०११ च्या जनगणनेत देशात २ कोटी ६८ लाख अपंग व्यक्तींची नोंद झाली आणि त्यांपैकी सुमारे पाचवा हिस्सा चलनवलनाच्या अपंगत्वाचा होता. वार्धक्यामुळे जे हळूहळू खुर्चीला खिळतात त्यांतील कितीतरी जण स्वतःला अपंग म्हणवूनही घेत नाहीत. म्हणजे हा प्रश्न दुसऱ्या कोणाचा नाही. आपल्यापैकी बहुतेकांना कधी ना कधी त्या खुर्चीत बसायचे आहे.

२०१८ साली आईचे सहस्रचंद्रदर्शन करावयाचे ठरले. दोन वर्षांपूर्वी तिची उजवी बाजू अर्धांगवायूने गेली होती. बोलणे सावकाश झाले होते, बुद्धी लख्ख होती, आणि चाकांच्या खुर्चीवाचून हालचाल नव्हती. आमच्या घरची सगळी लग्ने ज्यांनी टिपली ते छायाचित्रकार आठवडाभर आधी जागा पाहण्यास आले. अनुभवी, मनाने सरळ माणूस. चौक पाहिला, पायऱ्या पाहिल्या आणि म्हणाले, "माताजी को साइड में रखेंगे, बाकी सबका सेट हो जाएगा." मग त्यांनाच ते बरे वाटेना म्हणून दुसरा उपाय सुचविला: आईचे चित्र निराळे काढू आणि संगणकावर मधोमध बसवू. आई हे सारे ऐकत होती. ती सावकाश म्हणाली, "मी काय भिंतीवरचं घड्याळ आहे, कुठंही टांगायला?"

पुढे सुनेच्या ओळखीतील एक तरुण मुलगी हे काम करण्यास तयार झाली. ती आदल्या दिवशी आली ती कॅमेरा न घेताच. आईच्या खुर्चीसमोर मोढा ओढून बसली, म्हणजे दोघींचे डोळे एका पातळीत आले. आमच्यापैकी कोणाशी न बोलता तिने आईलाच विचारले, "आजी, तुम्हांला कोणत्या बाजूनं बसलं की बरं वाटतं? किती वेळ बसवतं? खुर्ची फोटोत चालेल, की दुसऱ्या खुर्चीत बसायला आवडेल?" आईचे उत्तर येण्यास वेळ लागे, तो वेळ तिने दिला. मधूनच मी काही सांगू लागलो, तर तिने हातानेच मला थांबविले.

आईने दिलेले उत्तर आमच्यापैकी कोणीही ओळखले नसते. "खुर्ची राहू दे," ती म्हणाली, "ती मला फिरवून राहिली आहे. हात मात्र पदराखाली घे. तो वाकडा दिसतो." आम्ही सर्वांनी मनोमन नेमके उलट धरले होते, खुर्ची लपवावी आणि हाताकडे कोणाचे लक्ष जाणार नाही. कोणती गोष्ट दिसावी आणि कोणती झाकावी, हे ज्याचे शरीर त्यालाच ठाऊक असते.

दुसऱ्या दिवशी सकाळी नऊला, धार्मिक विधीची गर्दी सुरू होण्यापूर्वी, चित्र काढण्यात आले. कारण आईला त्याच वेळी सर्वांत अधिक तरतरी असे. चौकाच्या पायऱ्या बाद झाल्या. परसातील फरसबंद जागा, जेथे ऊन थेट न येता भिंतीवरून मऊ उजेड येतो, ती निवडली. सर्वांत आधी आईची खुर्ची मधोमध लागली. ती किंचित तिरपी ठेवून ब्रेक लावले. अगदी समोरून घेतले तर पायटा आणि पावले कॅमेऱ्याच्या जवळ येतात आणि चेहऱ्याहून मोठी दिसतात, असे त्या मुलीने समजावून सांगितले. उजव्या कुशीला शालीखाली उशी दिली. नऊवारीच्या निऱ्या पायट्यावरून सोडल्या. मग तिच्याभोवती बाकीची माणसे. काका चौऱ्याऐंशी वर्षांचे. त्यांना त्याच उंचीची खुर्ची. आम्ही भाऊ मोढ्यांवर, सुना खुर्च्यांवर, नातवंडे सतरंजीवर. मागे उभे राहिले ते केवळ चौघे उंच मुलगे, तेही आईच्या पाठीशी न राहता दोन्ही बाजूंना. तेवीस माणसे आणि बारा मिनिटे. "आटोपलं एवढ्यात?" आईने विचारले.

त्या दिवशी आणखी एक गोष्ट लक्षात आली. पायऱ्या टाळल्यामुळे काकांचे गुडघे वाचले, आणि सहाव्या महिन्यात असलेल्या नातसुनेलाही तिष्ठत उभे राहावे लागले नाही. या दोघांनी स्वतःहून कधी तक्रार केली नसती. एका व्यक्तीसाठी केलेली मांडणी तिघांच्या उपयोगी पडली.

यातून मला जे उमगले ते एका वाक्यात सांगता येईल: समूहचित्राची मांडणी जो सर्वांत कमी हलू शकतो त्याच्यापासून सुरू करावी. आपण नेमके उलट करतो. धट्टीकट्टी माणसे आधी उभी राहतात, ओळी जुळतात, आणि मग 'आता आजींना कोठे बसवायचे' असा प्रश्न पडतो. तोवर एक कडा तेवढी शिल्लक असते. कडेला बसविण्यात मान जातो तो जातोच, शिवाय चित्रही बिघडते. मोठा घोळका एका चौकटीत घेण्यासाठी रुंद दृष्टीचे भिंग लावतात आणि अशा भिंगात कडेच्या वस्तू ताणल्या जातात. कडेची चाकांची खुर्ची मग आहे त्याहून अवजड दिसते.

कॅमेऱ्याची उंची हे दुसरे मर्म. खुर्चीत बसलेल्या माणसाचे डोळे जमिनीपासून साडेतीन-चार फुटांवर असतात. उभ्याने, डोळ्याला कॅमेरा लावून चित्र काढले की बसलेला माणूस वर तोंड करून पाहत असल्यासारखा, काहीसा केविलवाणा दिसतो. छायाचित्रकाराने गुडघा टेकला की तोच चेहरा भारदस्त होतो. आजकाल हातोहाती असलेल्या मोबाइलने तर हात उंच करून स्वतःसकट सर्वांचा फोटो काढण्याची चाल पाडली आहे. त्यात उभ्या माणसांची डोकी एकमेकांना भिडतात आणि खुर्चीतील माणूस चौकटीच्या खाली राहून जातो. घरात हसतखेळत काढलेल्या शेकडो चित्रांत आजी नाही, असे होते ते यामुळे.

वेळेचेही गणित असते. कंपवाताच्या रुग्णाला गोळी घेतल्यावर काही वेळाने हालचाल सुधारते आणि पुढे पुन्हा ताठरपणा येतो. त्या मधल्या अवधीत चित्र काढावे. माणूस अंथरुणालाच खिळलेला असेल तर कुटुंबाने पलंगाभोवती बसावे, पाठीशी उशा देऊन डोके उंच करावे आणि कॅमेरा पलंगाच्या पातळीला आणावा. निजलेल्या माणसाचे चित्र काढू नये, असा एक संकेत आपल्याकडे आहे. त्याचे मूळ कशात असेल ते असो. परंतु बाबा आमटे यांची चित्रे आठवून पाहावीत. मणक्यांच्या विकारामुळे त्यांना बसणे अशक्य झाले होते. ते एक तर उभे असत किंवा आडवे. १९९० नंतर नर्मदेच्या काठी, आपल्या बडवानीजवळ ते राहिले, तेव्हाही भेटीस येणाऱ्यांशी ते बिछान्यावरूनच बोलत. त्या आडव्या बाबांच्या चित्रांत कोणाला कधी कमीपणा दिसला नाही.

दाखवावे की झाकावे, हा वाद मोठमोठ्या देशांनीही घातला आहे. अमेरिकेचे राष्ट्राध्यक्ष फ्रँकलिन रूझवेल्ट १९२१ पासून पायांनी अधू होते. चाकांच्या खुर्चीतील त्यांची चित्रे फार थोडी आहेत. ती काढू नयेत, असाच त्या काळचा दंडक होता. फेब्रुवारी १९४५ मधील याल्टा परिषदेचे प्रसिद्ध चित्र मात्र पाहण्यासारखे आहे. चर्चिल, रूझवेल्ट आणि स्टालिन तिघेही एका ओळीत खुर्च्यांवर बसले आहेत. सेनानी आणि अधिकारी मागे उभे आहेत. मधल्या गृहस्थांना उभे राहता येत नाही, हे त्या चित्रावरून कोणालाही कळणार नाही, कारण तिघांनाही एकच आसन आहे. १९९७ साली वॉशिंग्टनमध्ये त्यांचे स्मारक झाले, तेव्हा मुख्य पुतळ्यातील खुर्ची अंगरख्याखाली झाकल्यासारखी होती. अपंगांच्या संघटनांनी त्याविरुद्ध आवाज उठविला आणि २००१ मध्ये चाकांच्या खुर्चीत उघडपणे बसलेला दुसरा पुतळा तेथे बसविण्यात आला. पहिला पुतळाही आहे, दुसराही आहे. २०१३ साली कॅनडातील ब्रिटिश कोलंबिया प्रांतात एका शाळेचे वर्गचित्र गाजले. सगळी मुले बाकांवर दाटीवाटीने आणि चाकांच्या खुर्चीतील सात वर्षांचा मुलगा एका बाजूला, मध्ये अंतर सोडून. तो मान कलती करून मित्रांकडे झुकलेला. आईवडिलांनी ते स्वीकारले नाही आणि चित्र पुन्हा काढण्यात आले. बाक आणि खुर्ची यांमधील अंतर अवघे काही हातांचे होते.

यावर आपल्या घरांतून एक आक्षेप येतो, आणि तो टाकाऊ नाही. 'आईची अशी अवस्था कशाला टिपायची? ती जशी होती तशीच लक्षात राहू दे.' त्या व्यक्तीचे स्वतःचेच तसे म्हणणे असेल, तर तेथे विषय संपला; नको म्हणण्याचा हक्कही तिचाच. परंतु पुष्कळदा हे म्हणणे तिचे नसते, पाहणाऱ्यांचे असते. आपल्याला तिचे पूर्वीचे रूप हवे असते, आणि ती मात्र आजच्या रूपात आपल्यासमोर बसलेली असते. आईच्या त्या चित्रानंतर ती तीन वर्षे जगली. आता तरुणपणाची तिची चित्रे पाहून मला जितके बरे वाटते, तितकेच हे पाहून वाटते. खरे तर पणतवंडांना ती आठवते ती या खुर्चीतलीच.

घरापलीकडे आपल्या मंडळांचाही यात वाटा आहे. गणेशोत्सव, शारदोत्सव, वार्षिक संमेलन यांच्या अखेरीस सर्व सभासदांचे समूहचित्र मंचावर काढण्याची आपली प्रथा आहे. आपली जुनी सभागृहे पाहा. मंच तीन फूट उंच आणि बाजूला पाच-सहा अरुंद पायऱ्या. २०१६ च्या दिव्यांगजन अधिकार अधिनियमाने सार्वजनिक जागा सर्वांना सुगम असाव्यात असे म्हटले आहे, आणि उताराचे प्रचलित प्रमाण बारास एक आहे. म्हणजे तीन फूट चढण्यास छत्तीस फूट लांबीचा उतार हवा. इतकी जागा आणि इतका पैसा प्रत्येक मंडळाजवळ असणार नाही. पण मंचावर चढलेच पाहिजे, असे कोठे आहे? सर्वांनी खाली उतरावे, खुर्च्यांची रांग सभागृहाच्या फरशीवर लावावी आणि चाकांच्या खुर्चीसाठी त्या रांगेत मधोमध एक जागा मोकळी सोडावी. याला एक पैसाही लागत नाही. संस्थेच्या स्थापनेपासूनचे जे वयोवृद्ध सभासद पायऱ्यांकडे पाहून 'तुम्ही घ्या काढून' म्हणतात आणि पंख्याखाली बसून राहतात, ते येत्या वर्षी चित्रात येतील.

जी चित्रे पूर्वीच निघून गेली त्यांचे काय, असे कोणी विचारील. चित्र बदलता येत नाही. त्याची पाठ मात्र कोरी असते. ज्यांना अजून आठवते अशी वडीलधारी माणसे घरात आहेत तोवर या दिवाळीत एकेक चौकट भिंतीवरून उतरवावी, मागे कागद चिकटवावा आणि मऊ पेन्सिलीने ओळीने नावे लिहावीत. नावे संपली की एक ओळ सोडून, त्या दिवशी घरात होते पण चित्रात नाहीत अशांचीही नावे लिहावीत, आणि ते तेव्हा कोठे बसले होते तेही. आमच्या १९६१ च्या चित्रामागे आता बत्तीस नावे आहेत.